जुन्या जेट स्कीचं पेट्रोल अडतं कुठे? टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची तपासणी

दिवाळी तोंडावर आली की तापोळा, बामणोली, मुनावळे भागात शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावरच्या ताडपत्र्या निघतात आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या वॉटर स्कूटर पाण्याकडे ढकलल्या जातात. नवी फोर-स्ट्रोक मशीन बहुधा चालू होते. १९९० ते २००५ च्या दरम्यानची, कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक मशीन मात्र रुसते. सेल्फ मारमारून बॅटरी उतरवली जाते आणि मग कुणीतरी फर्मान काढतं, "कार्बोरेटर खोला."

कार्बोरेटर खोलायचाच आहे, पण सगळ्यात शेवटी. त्यातला कचरा तिथे तयार होत नाही, टाकीतून नाहीतर नळीतून येतो. तो कुठून आला हे न शोधता नुसता कार्बोरेटर धुतला, तर मशीन एक-दोन शनिवार-रविवार चालेल आणि परत तेच. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट तुंबलेल्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक पितळी तोंड) ती चालत राहील. पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते, आणि वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून दिलं जात असेल तर तेलही घटतं. पिस्टन धरतो तो असा. दोनशे रुपयांच्या नळीपायी सिलिंडर बोअरिंगला जातो.

खालचं सगळं सी-डू, यामाहा वेव्हरनर आणि कावासाकी या जुन्या टू-स्ट्रोक मशीन डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. आकडा जिथे मॉडेलनुसार बदलतो तिथे तुमच्या मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल हाच शेवटचा शब्द.

आधी जिवाची काळजी

मोटरसायकलवर पेट्रोल गळलं तर ते जमिनीवर सांडतं आणि वाफ उडून जाते. जेट स्कीचं इंजिन बंद पेटीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती पेटीच्या तळाशी साचून राहते आणि सेल्फच्या एका ठिणगीने भडकते. म्हणून सीट काढा, पाच मिनिटं हवा खेळू द्या, नाकाने वास घ्या, मगच बटण दाबा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोल उपसायला हातपंप वापरा, तोंडाने नळी ओढू नका.

काठावर इंजिन चालवून बघायचं असेल तर फ्लशिंगच्या तोंडाला नळाचा पाइप जोडा. क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी इंजिन चालू, मग पाणी चालू. बंद करताना आधी पाणी बंद, दोन-तीन वेळा हलकी रेस, मग इंजिन बंद. इंजिन थांबलेलं असताना पाणी चालू राहिलं तर ते एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी न जोडता चालवायचंच झालं तर दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. पाणी जोडलं असलं तरी काठावर पाच-पाच मिनिटं रेस करत बसू नका. शाफ्टच्या सीलला तळ्याचं पाणी मिळत नाही आणि तो तापतो.

दुखणं पेट्रोलचंच आहे ना?

प्लग काढा. दोन्ही सिलिंडरचे प्लग त्याच क्रमाने फळीवर मांडा, अदलाबदल नको. खूप वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाही. ओले आणि वास मारणारे असतील तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी नाही. एक ओला, एक कोरडा असेल तर टाकी आणि मुख्य नळी बहुधा ठीक आहेत, दोनपैकी एका कार्बोरेटरकडे बोट दाखवता येतं.

ठिणगी बघताना प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकांपासून लांब. कम्प्रेशन गेज मिळालं तर तेही लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ मारायचा. बहुतेक निरोगी टू-स्ट्रोक १२० ते १५० पीएसआयमध्ये दाखवतात, आणि दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर १३५ आणि दुसरा ९० दाखवत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. इंजिन उतरवा.

आता नेमकी चाचणी. ताज्या पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणात टू-टी तेल मिसळा (एका लिटरला २० मिलि). त्यातलं साधारण एक चमचा, म्हणजे पाच मिलि, दर सिलिंडरला प्लगच्या भोकातून टाका. प्लग बसवा, सेल्फ मारा. इंजिन तीन-चार सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी आहे, कम्प्रेशन आहे, फक्त पेट्रोल येत नाही. पेटलंच नाही तर पेट्रोलच्या मागे लागण्याआधी ठिणगीचा निकाल लावा. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. चोक ओढला तरच चालते, सोडला की मरते: पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, बहुधा लो-स्पीडचा मार्ग तुंबलेला. आयडलला छान, दांडी (थ्रॉटल) दाबली की घुसमटते: हाय-स्पीडकडचा मार्ग, पंप किंवा कार्बोरेटरमधली जाळी. पाच-दहा मिनिटं झकास पळते, मग दम तोडते आणि थोडं थांबल्यावर परत चालते: टाकीचा श्वास कोंडलाय. 'ऑन'वर बंद पडते, 'रिझर्व्ह'वर चालते: टाकीतून पेट्रोल वर ओढणारी उचलनळी किंवा कॉक. दांडी सोडली तरी आरपीएम खाली उतरायला वेळ लागतो: इंजिन कुठून तरी हवा ओढतंय, आणि हे लक्षण दिसल्यावर "चालतंय ना, चालू द्या" म्हणणं महागात पडतं.

टाकी आणि पेट्रोल

पावसाळ्याआधीचं पेट्रोल टाकीत असेल तर त्यावर वेळ घालवू नका, पूर्ण उपसा. आधी काचेच्या बरणीत थोडं काढून उजेडात धरा. ताजं पेट्रोल स्वच्छ आणि पारदर्शक दिसतं (पंपाचा रंग किंवा तेलाचा निळा-हिरवा रंग सोडून). गढूळ, गडद पिवळं, वार्निशसारखा वास मारणारं पेट्रोल जुनं झालेलं असतं. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे.

आता इथेनॉलचं बोलायला हवं, कारण आपल्या भागात निम्मी दुखणी त्याच्याच आसपास आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच आलं. सातारा-सांगलीचा ऊस कारखान्याच्या डिस्टिलरीतून फिरून आपल्याच टाकीत परत येतो म्हणा ना. उसाला भाव मिळतो ते चांगलंच, पण १९९६ च्या मशीनच्या रबराला हे कुणी विचारलेलं नाही. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते.

इथेनॉल तीन प्रकारे त्रास देतं. पहिलं, ते हवेतली ओल पितं. महाबळेश्वरच्या पायथ्याच्या पावसात अर्ध्या भरलेल्या टाकीत चार महिने दमट हवा आत-बाहेर होत राहते. पाणी एका मर्यादेपर्यंत इथेनॉलमध्ये विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. तेल आधीच मिसळलेलं असेल तर ते वरच्या पेट्रोलसोबत राहतं, म्हणजे उचलनळी जो खालचा थर ओढते त्यात वंगण जवळपास नसतंच. दुसरं, जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नळीची आतली कातडी सुटते. तिसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला पुरं जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. साध्या पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर ई२० वर सात-आठ टक्के पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रण देतो. शिवसागर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ म्हणून मिश्रण जरा दाट होतं, पण त्याने निम्मीसुद्धा भरपाई होत नाही. तेच मशीन हंगामात खाली कोकण किनाऱ्यावर नेलं तर तीही सवलत संपते.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. मापाच्या उभ्या नळीत १०० मिलि पेट्रोल घ्या, २० मिलि पाणी घाला, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर ४० मिलिच्या जवळ आला तर वीस टक्के इथेनॉल. असं धुतलेलं पेट्रोल मात्र इंजिनात घालू नका, त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

टाकी उपसताना एक गोष्ट हमखास राहते. उचलनळी टाकीच्या अगदी तळाला टेकत नाही, त्यामुळे कॉकमधून "रिकामी" झालेल्या टाकीत पेलाभर पाणी सहज शिल्लक असतं. मशीनचं मागचं टोक किंचित खाली करा आणि पंपाची बारीक नळी सर्वांत खोल कोपऱ्यात नेऊन शेवटचा थेंब ओढा. शक्य असेल तर उचलनळीचा संच बाहेर काढा. 'ऑन'ची नळी लांडी, 'रिझर्व्ह'ची लांब, दोघींच्या टोकाला जाळी. जाळीवर चिकट थर असेल तर तो बोटाने चोळून बघा. पिठासारखा सुटला तर माती-गंज, रबरासारखा ओढला गेला तर पुढच्या नळ्या विरघळताहेत.

जुनं पेट्रोल जमिनीत किंवा पाण्याकडेला ओतू नका. काठाला लागूनच कोयना अभयारण्य आहे आणि गावं हेच पाणी पितात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, सुटे भाग धुवायला त्यांना चालतं.

टाकीचा श्वास

टाकीतून पेट्रोल निघालं की तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी छोट्या नळीवर एकतर्फी व्हॉल्व्ह असतो: हवा आत घेतो, मशीन उलटली तरी पेट्रोल बाहेर सोडत नाही. कोळ्याचं जाळं, कुंभारमाशीचं घर किंवा चिकटलेली चकती, यांपैकी काहीही पुरतं. चाचणी सोपी. मशीन दम तोडू लागली की टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर निदान झालं. व्हॉल्व्ह काढून दोन्ही बाजूंनी फुंका, एकीकडून वारा जायला हवा, दुसरीकडून नाही. काही मॉडेलमध्ये उलट्या दिशेचा दुसराही व्हॉल्व्ह असतो, तो टाकीतला जादा दाब सोडतो. दोन्हींची अदलाबदल टाळायला काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

व्हॉल्व्ह काढून नुसती उघडी नळी ठेवायची युक्ती काही जण सांगतात. करू नका. मशीन उलटली की सगळं पेट्रोल पेटीत.

नळ्या, कॉक, फिल्टर: हवा इथेच धरते

नदीवरच्या मोटरपंपाच्या सक्शन पाइपला सुईएवढं भोक असलं तरी पाणी बाहेर ठिबकत नाही, पंप मात्र हवा धरतो आणि पाणी सोडतो. जेट स्कीचं तसंच. टाकी खाली, पंप वर कार्बोरेटरवर, मधली सगळी नळी ओढीवर. त्यामुळे "कुठे गळत नाहीये" याचा अर्थ नळी चांगली आहे असा होत नाही. नवशिक्याची सर्वांत जास्त फसगत इथे होते.

हवा पकडायचा उपाय: फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि सेल्फ मारताना तिच्याकडे बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणारच. पण नळी भरल्यानंतरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, किंवा पेट्रोल नळीत अर्ध्यावर येऊन परत मागे सरकलं, तर त्या जागेच्या मागे कुठेतरी हवा शिरतेय. मग एकेक भाग वगळत जा. आधी कॉक वगळून फिल्टर थेट उचलनळीला जोडा. बुडबुडे थांबले तर कॉक दोषी, आतली ओ-रिंग सुकलेली असते. तसंच फिल्टरचं. वाटीवाल्या फिल्टरमध्ये वाटी घट्ट आवळलेली असली तरी चपटी झालेली ओ-रिंग हवा घेते. वाटी उघडलीच आहे तर पाणी-गाळ काढा आणि ओ-रिंग नवी टाका, तिला बोटभर टू-टी तेल लावून. पारदर्शक नळी चाचणीपुरतीच, ती पेट्रोलने लवकर कडक होते आणि चिरते. काम झालं की काढा.

पूर्ण व्यवस्थेची दाबचाचणी याहून खात्रीची. श्वासाच्या नळ्यांची तोंडं बंद करा, एका तोंडातून गेज असलेल्या हातपंपाने टाकीत फक्त ५ पीएसआय हवा भरा (कम्प्रेसर लावू नका, टाकी फुगेल), कॉक 'ऑन'वर ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. काटा खाली आला तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. इतक्या कमी दाबाला कार्बोरेटरची सुई (पेट्रोल आत सोडणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही, त्यामुळे पेट्रोल इंजिनात जायला नको. गेलंच, तर सुई खराब हेही त्याच फेरीत कळलं.

सी-डूवाल्यांसाठी वेगळी सूचना. १९९० च्या दशकातल्या मशीनला राखाडी रंगाच्या टेम्पो नळ्या येत. त्यांचं आतलं अस्तर विरघळून हिरवट चिकट मळी तयार होते आणि ती थेट कार्बोरेटरच्या जाळीत जाऊन बसते. राखाडी नळी दिसली की चाचणीबिचणी काही नको, सगळ्या बदला. एक उरली तरी काम फुकट. नवी नळी घेताना आतला व्यास जुन्याशी मोजून घ्या, बहुतेक ठिकाणी ६ मिमी असतो. नळीवर एसएई जे३०आर७ किंवा त्यावरचा शिक्का आणि इथेनॉल चालत असल्याची खात्री हवी. साध्या रबरी पाण्याच्या नळीने महिनाभर निभेल, पुढे नाही. एकेक नळी काढून तिच्या जागी नवी लावत जा. सगळ्या एकदम सोडल्या की कोणती कुठे हे कोडं होतं. क्लिपा गोल, सगळीकडून सारखी पकड देणाऱ्या घ्या. प्लास्टिकचे टाय पेट्रोलच्या जोडावर नकोत.

पंप आणि पल्स नळी

या मशीनचा पंप विजेवर चालत नाही. क्रॅंककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) पिस्टनमुळे दाब-ओढ होत असते, ती एका जाडजूड नळीतून, म्हणजे पल्स नळीतून, पंपाच्या पातळ पडद्यापर्यंत पोचते आणि पडदा हलून पेट्रोल ओढतो. मिकुनी कंपनीच्या सुपर बीएन कार्बोरेटरमध्ये पंप कार्बोरेटरच्याच अंगात असतो, काही मशीनमध्ये वेगळा.

पल्स नळी काढा आणि वाकवून चिरा बघा. आतून पेट्रोल निघालं तर पंपाचा पडदा फाटलाय. ही नळी चिरली तर दुहेरी नुकसान: पंप अशक्त होतो आणि क्रॅंककेसमध्ये फुकटची हवा शिरते. बदलताना जाड भिंतीचीच नळी घ्या, मऊ नळी स्वतःच फुगते-आकसते आणि पल्स खाऊन टाकते. लांबी जुनीएवढीच.

पंपाची ताकद बघायला परतीची नळी (कार्बोरेटरमधून टाकीकडे जाणारी) टाकीच्या बाजूने सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने पेट्रोल उडायला हवं. येतच नसेल तर अजून मागे बघा. परतीच्या तोंडात बारीक भोकाचा अडथळा असतो, तो मुद्दामच ठेवलेला आहे, कार्बोरेटरमध्ये थोडा दाब राहावा म्हणून. "भोक बारीक झालंय" असं वाटून ड्रिल मारलं की पुढच्या वेगात पेट्रोल पुरत नाही.

कार्बोरेटर

इथपर्यंत सगळं स्वच्छ झालं असेल तरच पाना उचला. गावातला आरएक्स १०० वाला जुना मिस्त्री टू-स्ट्रोक चांगला ओळखतो, पण त्याला आधीच सांगून ठेवा: यात फ्लोट नाही, वाटी नाही. मशीन उड्या मारते, आडवी होते, म्हणून पेट्रोलची पातळी पडद्याने सांभाळली जाते.

काढण्याआधी फ्लेम अरेस्टर (हवा घेण्याच्या तोंडावरची जाळी), केबलींची जागा, तेलाच्या नळ्या यांचे फोटो. लो-स्पीड आणि हाय-स्पीड स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत आत घ्या आणि किती आटे गेले ते पाव आट्याच्या हिशोबाने लिहून ठेवा. दोन कार्बोरेटर असतील तर पुढचा-मागचा असं नाव घालून.

पहिली बघायची जागा म्हणजे पंपाच्या झाकणाखालची छोटी जाळी. नाण्यापेक्षा लहान. बाहेर कितीही मोठा फिल्टर असला तरी ही जाळी असतेच, आणि अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. हिरवी मळी इथेच सापडते. मग पडदे: पारदर्शक पापुद्र्यासारखे व्हॉल्व्ह सपाट हवेत, कडा वळलेल्या चालत नाहीत. काळा मुख्य पडदा उजेडासमोर धरून भोकं बघा, बोटाने दाबून बघा. कडक, सुरकुतलेला असेल तर नवा किट. पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो. थर उचलताना ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा.

जेट काढून कार्बोरेटर क्लीनर फवारा आणि हवा मारा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फेकायचा. थ्रॉटलच्या पाकळीजवळची सुईच्या टोकाएवढी तीन-चार भोकं विशेष बघा. लो-स्पीड स्क्रूच्या जागेतून फवारल्यावर प्रत्येकातून धार निघायला हवी. एकही बुजलेलं असेल तर आयडलवरून उचल घेताना मशीन अडखळणारच. हाय-स्पीडच्या वाटेवर दोन स्क्रूंनी धरलेला छोटा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, त्यातला पारदर्शक चकतीचा तुकडा फाटला तर आयडल कधीच जमत नाही. क्लीनर मारण्याआधी सगळं रबर आणि प्लास्टिक बाजूला.

सुईची चाचणी न करता जोडणी करू नका. पेट्रोल येण्याच्या तोंडाला गेजवाला हातपंप जोडा, परतीचं तोंड बोटाने किंवा बुचाने बंद करा, सुईवर थेंबभर पातळ तेल टाका आणि हळूहळू दाब वाढवा. ठराविक आकड्याला सुई 'पट्' करून उघडते. तो आकडा स्प्रिंग आणि सीटच्या मापावर ठरतो, बहुतेक मशीनमध्ये २० ते ४० पीएसआयच्या दरम्यान, नेमका मॅन्युअलमध्ये. तीनदा करा, तिन्ही वेळा जवळजवळ सारखा यावा. मग दाब १० पीएसआयवर आणून मिनिटभर बघा. काटा सरकला तर सुई-सीट बदला, नाहीतर उभ्या मशीनमध्ये पेट्रोल ओव्हर होत राहील. मिकुनी सुपर बीएनमध्ये सुईचा तरफ आजूबाजूच्या तळाच्या पातळीत हवा. वर राहिला तर पेट्रोल जास्त, खाली गेला तर कमी.

क्लिपा, नळ्या, ओ-रिंग साताऱ्यात मिळतात. पडद्यांचा किट मागवावा लागतो. स्वस्तातल्या किटमध्ये पडदा कडक आणि सुई खडबडीत निघते, इथे पैसे वाचवू नका. बसवताना बुडाचं गॅस्केट नवंच लावा. दोन कार्बोरेटर असतील तर दांडी हळू दाबून दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी हलतात का ते डोळ्यांनी बघा. चोकही सोडल्यावर पूर्ण उघडतो ना, तेही.

पाण्यात उतरवताना

तेलाच्या नळ्या सोडल्या असतील तर त्यात हवा राहिलेली असते. म्हणून पहिल्या टाकीला ऑइल पंप चालू असला तरी पेट्रोलमध्ये ५०:१ तेल मिसळा, दहा लिटरला २०० मिलि. धूर जास्त येईल, येऊ द्या. ऑइल पंप आधीच्या मालकाने काढून टाकलेला असेल तर कायमच मिसळायचं, मॅन्युअलमध्ये वेगळं नसेल तर ४०:१, म्हणजे दहा लिटरला २५० मिलि. तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३. मात्र सी-डूच्या काही रोटॅक्स इंजिनांना कंपनी वेगळा दर्जा सांगते, तो पाळा. डोळ्यांच्या मापाने तेल ओतू नका.

स्क्रू लिहून ठेवलेल्या जागी आणा. ई२० वर चालवायचं असेल तर हाय-स्पीड स्क्रू त्याहून पाव आटा बाहेर ठेवून सुरुवात करा. जरा दाट मिश्रणाने प्लग काळा पडतो एवढंच, पातळ मिश्रण पिस्टन खातं. हाय-स्पीड स्क्रू नसलेल्या किंवा पाव आट्यानेही न भागणाऱ्या मशीनला एक माप मोठा मेन जेट लागतो.

पहिली दहा मिनिटं अर्ध्या दांडीवर, काठापासून हाक ऐकू येईल इतक्याच अंतरात. लाइफ जॅकेट आणि मनगटाला लॅनयार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) हे वेगळं सांगायला नको. मग पाच-सहा सेकंदांची पूर्ण दांडी, सोडा, परत. बरं वाटलं की पूर्ण दांडीवर असतानाच लॅनयार्ड ओढून इंजिन मारा, काठावर ओढून आणा आणि प्लग काढा. बदामी-तपकिरी असेल तर ठीक. काळा-ओला असेल तर स्क्रू एक-अष्टमांश आटा आत. पांढुरका, किंवा चिनीमातीवर बारीक चकाकते कण दिसले तर तिथेच थांबा. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात.

आरपीएम उतरायला वेळ लागणं अजूनही गेलं नसेल तर आयडलवर कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी फवारा. फवाऱ्याने आवाज बदलला तर गॅस्केट. बदलला नाही तर क्रॅंकच्या सीलकडे संशय जातो आणि ते काम इंजिन उतरवूनच होतं.

२००२ नंतरच्या फोर-स्ट्रोक इंजेक्शनवाल्या मशीनला यातलं टाकी, श्वास, पाणी एवढंच लागू पडतं. तिथे पंप विजेवर चालणारा आणि टाकीत असतो, नळीत सतत मोठा दाब असतो. दाब सोडल्याशिवाय जोड उघडला तर पेट्रोल तोंडावर उडतं.

मे अखेरीस

बोटिंग बंद झाल्यावर टाकी पूर्ण उपसा. ई२० असलेली भरलेली टाकी पावसाळाभर ठेवण्यात अर्थ नाही. मग लिटरभर ताज्या पेट्रोलमध्ये ४०:१ तेल आणि बाटलीवर लिहिलंय तितकं स्टॅबिलायझर घालून कार्बोरेटरला वेगळ्या बाटलीतून द्या आणि मशीन पाण्यातच पाच मिनिटं चालवा, म्हणजे पडदे ओले राहतात आणि आत राहणारं पेट्रोल चांगलं असतं. प्लग काढून दर सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-टी तेल, प्लगच्या वायरी अर्थ करून सेल्फचे दोन-तीन हलके झटके, प्लग परत. कॉक बंद, पेटीतलं पाणी उपसून बूच उघडं, श्वासाच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीचं कापड. ताडपत्री सीटवर घट्ट आवळू नका. खाली दोन विटा किंवा लाकडाचा ठोकळा घालून वारा जाईल अशी ठेवा, आणि बॅटरी घरी न्या.